डावा हात, चिंध्यांचा थैला

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज गेलो. म्हणजे पत्र्याच्या हॉलपर्यंत गेलो. आत जायला सात-आठ मिनिटं लागली. दारात पाय चिकटले. उंबरठा चार बोटांचासुद्धा नाही, पण पाय उचलेना. मागून कोणी येतं का ते पाहत उभा. घाम.

आत अश्विनी होती. आमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या सुधाकर ड्रायव्हरची पोरगी. कॉलेजात असताना बॉक्सिंग खेळली, बक्षिसं आणली, आता संध्याकाळी सिंदीच्या पोरींना शिकवते. सकाळी साडेसहाला हॉल रिकामा असतो म्हणून मी ती वेळ मागितली. कोणाला दिसू नये.

वर्ध्याच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंची चिठ्ठी तिला दिली. बाई म्हणाल्या होत्या, पार्किन्सनमध्ये थैल्यावर ठोसे मारायचा व्यायाम काही जणांना मानवतो. तोल राहतो, हालचाल मोठी राहते. समोर माणूस नसतो, त्यामुळे मार लागायची भीती नाही. आजार मात्र जात नाही. हे शेवटचं त्या हळू बोलल्या. मला तेवढंच ऐकू आलं.

अ.ने चिठ्ठी वाचली. "काका, काकूले माहीत हाय?"

म्हटलं, सुनंदाला हात थरथरते एवढं माहीत आहे.

"अन् नाव?"

"नाई सांगितलं."

तिने चिठ्ठीची घडी घातली. थैल्यासमोर उभं केलं आणि एकही ठोसा मारू दिला नाही. अर्धा तास नुसतं उभं राहणं शिकवलं. डावा पाय पुढे, उजवा मागे, दोन्हींत खांद्याएवढं अंतर, गुडघे जरासे सैल. चोपन्नाव्या वर्षी उभं राहायला शिकून आलो. घरी सांगितलं, फिरायला गेलतो.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला ठोसा. डाव्या हाताचा, सरळ. याला जॅब म्हणतात. मुठी गालाशी, हनुवटी खाली, हात सरळ जातो, जाताना मूठ फिरते, आणि ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत गालाशी येतो. अ.चा हात गेलेला दिसतो, आलेला दिसत नाही.

माझा डावाच हात बिघडलेला. तीच म्हणाली, मग डाव्यापासूनच.

थैला हलला नाही. साखळीसुद्धा वाजली नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जिनिंगमध्ये आज बावीस गाड्या. हंगाम जोरात. माझं काम हाताचं आहे. कापसाची चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, पुन्हा जुळवायची, पुन्हा ओढायची, शेवटी धागे सरळ होतात आणि लांबी दिसते. मग ओल पाहायची, कचरा पाहायचा, प्रत सांगायची. एकोणतीस वर्षं हेच. डोळे मिटून सांगायचो.

आज डावा अंगठा थांबेना. धागे जुळत नाहीत, हातातून निसटून उडतात. अल्लीपूरकडचा एक शेतकरी गाडीवर बसून माझ्या हाताकडेच पाहत होता. म्हणाला, "काका, हात काऊन हालून राह्यला? भाव पाडाचा इचार हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो. त्याच्या कापसाची प्रत एक पायरी वर सांगितली. भीतीने सांगितली. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. उद्या भीतीने खालची सांगितली तर? त्या माणसाचं वर्ष माझ्या अंगठ्यावर.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अ.ने मोबाइलवर माझं चित्रण केलं आणि दाखवलं. मला वाटत होतं हात पूर्ण जातो आहे. चित्रणात अर्ध्यातच थांबतो. पाच-सहा ठोसे बरे, मग एकेक बोट कमी कमी होत शेवटी कोपर अंगालाच चिकटलेलं.

"मी तर पूर्ण मारून राह्यलो होतो," म्हटलं.

"तेच तं काका. तुमच्या डोक्याले वाटते पूर्ण. म्हून तुमाले जास्तच माराचं. थैल्याच्या पलीकडे भिंत हाय असं समजा, भिंतीले लावाची मूठ."

म्हणजे माझं मलाच खोटं सांगतं आहे माझं अंग. याचीच जास्त भीती वाटली. थरथर निदान दिसते तरी.

ही वही मागे उलटून पाहिली. सप्टेंबरचं अक्षर आणि आजचं. ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढं होतं. हेही मला कधी कळलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

न्हाणीत पडलो. उजवी कुशी. सुनंदाला सांगितलं साबणावरून घसरलो. साबण कोरडा होता, तिने पाहिला.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुशी दुखते तरी गेलो. अ.ने ओळखलं. आज ठोसे बंद, नुसते पाय. थैल्याभोवती फिरायचं. पुढचा पाय आधी, मागचा त्याच्या मागून, पायात पाय अडकू द्यायचा नाही. वजन कुठल्या पायावर आहे ते दर पावलाला मोठ्याने बोलायचं. "डावा. उजवा. डावा." बालवाडीसारखं.

पाय चिकटले तर काय करायचं तेही सांगितलं. पुढे ओढायचं नाही. आधी जागच्या जागी वजन डावीकडे, उजवीकडे, डावीकडे टाकायचं आणि मग बाजूला एक मोठं पाऊल. हॉलमध्ये तीनदा जमलं. रस्त्यावर करून पाहिलं नाही. लोक पाहतात.

३० नोव्हेंबर, रविवार

आज बरं वाटलं, लिहून ठेवतो.

थैल्याची तक्रार मी परवा केली होती. वर मारलं की मऊ, खाली मारलं की दगड. मनगट वळलं माझं. अ. म्हणाली, जुना आहे, कपड्यांच्या चिंध्या भरल्या आहेत, सारख्या खाली बसतात, पोरींचीही मनगटं दुखतात. नवा घ्यायची ऐपत नाही.

आज म्हटलं, खाली उतरव. हे माझं काम आहे.

दोघांनी मिळून सगळ्या चिंध्या बाहेर काढल्या. तळाशी इतक्या घट्ट बसल्या होत्या की कानशीने उकराव्या लागल्या. जिनिंगमधून वाया जाणारी रुई एक पोतं मागून आणली होती. एक थर चिंध्यांचा, एक रुईचा, दर थर पायाने दाबून, जिनिंगमध्ये रुईची गाठ बांधताना दाबतात तसा. कडेला रुई जास्त, मधे चिंध्या. दोन तास लागले. दाबताना अ.चा खांदा धरून उभा होतो. पडलो नाही.

टांगल्यावर तिने दोन-चार मारले. आवाजच बदलला. आधी थप्प व्हायचं, आता धम्म.

"काका, तुमी तं कारागीर हा."

हात दोन तास थरथरतच होता. पण कामात होता म्हणून मला आठवला नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

तिने थैल्यावर खडूने ताटलीएवढं वर्तुळ काढलं. ठोसा कुठे लागला ते ग्लोव्हजवरच्या खडूने कळतं. वीसपैकी अकरा आत. शेवटचे पाच सगळे आत, कारण शेवटी मी ओरडून मोजत होतो. मोठ्याने मोजलं की हातही मोठा जातो. का ते तिलाही माहीत नाही.

मारताना श्वास सोडायचा. मी श्वास धरतो. भ्यालेला माणूस श्वास धरतो, असं ती म्हणाली. सहज म्हणाली, पण लागलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

दुपारी अडीचच्या सुमारास. आवारात ट्रॉलीतला नमुना घेऊन वळलो होतो, मुठीत कापूस. दुसरा ट्रॅक्टर ट्रॉली मागे घेत होता. मागे घेताना वाजतो तो भोंगा वाजत होता. मला ऐकू येत होता. ट्रॉली दिसत होती. पाय निघाले नाहीत.

अ.ने शिकवलेलं सगळं आठवलं. डावीकडे वजन, उजवीकडे, मग बाजूला. डोक्यात शब्द न् शब्द होता. खाली काहीच पोचलं नाही. ट्रॉलीच्या फळीवरचा गंज दिसला, इतकी जवळ. ओरडताही आलं नाही.

मारोती हमालाने मागून कॉलर धरून ओढलं. दोघेही ढिगावर पडलो. मी होतो त्या जागेवरून चाक गेलं.

ड्रायव्हर उतरून शिव्या देत आला. "दारू पेऊन उभे राह्यता का बे आवारात?"

पाच-पंचवीस माणसं जमली. आणि मी... क्षणभर मनात आलं, हो म्हणावं. पिऊन होतो म्हणावं. पिणाऱ्याला लोक उद्या पुन्हा कामावर घेतात.

काही बोललो नाही. मूठ उघडली तर कापूस तसाच होता, घामाने ओला.

१३ डिसेंबर, शनिवार

काल लिहून वही मिटली तोच सुनंदा आली. कोणीतरी घरी सांगून गेलं होतं की तुमचे साहेब पिऊन होते. तिने आधी माझं तोंड हुंगलं. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत मी थेंब घेतलेला नाही.

"अवो, मंग झालं काय?"

सांगितलं. आजाराचं नाव दोनदा सांगावं लागलं, पहिल्यांदा तिला नीट ऐकू आलं नाही. माझा आवाजच निघत नव्हता. डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कशाच्या, सकाळी फिरायला नाही तर कुठे जातो, सगळं.

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं रडेल. म्हणाली, "म्हंजे दोन महिने एकटेच भेत राह्यले तुमी."

मग उठून भाकरी टाकायला गेली. भाकरी करपली. आम्ही दोघांनी ती खाल्ली.

१५ डिसेंबर, सोमवार

जिनिंगच्या शेठजींकडे स्वतःहून गेलो. खरं सांगितलं. वडिलांच्या वेळेपासून ओळखतात. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "गाड्यांपाशी उभं राहाचं नाई आता. नमुने टेबलावर आणून देतो. हंगाम होऊ द्या, मंग पाहू."

मंग पाहू. यात काय काय येतं?

हिंगणघाटहून प्रत सांगायला दुसरा ग्रेडर बोलावला आहे. सध्या दोघं मिळून. त्याचे अंगठे कोरड्या काडीसारखे स्थिर आहेत. मी कामापेक्षा त्याच्या अंगठ्यांकडेच पाहतो.

१७ डिसेंबर

काल हॉलवर गेलो नाही. आज पण नाही. शिकलेलं जर ऐनवेळी पायापर्यंत येत नसेल तर थैल्याला मारून काय उपयोग.

१८ डिसेंबर, गुरुवार

अ. घरी आली. सु.ने चहा केला. अ.ला सगळं कळलं होतं, तिच्या बापाने सांगितलं.

म्हटलं, "तुझं शिकवलेलं आठवलं, पोरी. पाय नाई उचलले."

"किती दिवस झाले शिकून?"

"सव्वा महिना."

"मले पयल्या मॅचमध्ये दोन वर्सं शिकलेलं नाई आठवलं काका. हात वर घ्याचे एवढं बी नाई. नाक फुटलं. तुमाले निदान आठवलं तरी." मग सु.कडे पाहून, "काकू, तुमी बी येजा सकाळी. काकाचे ठोसे मोजाले कोणी पायजे, मोठ्यानं."

मला धीर आला असं नाही. पण सु. लगेच म्हणाली, किती वाजता?

२६ डिसेंबर, शुक्रवार

सु. खुर्चीवर बसून मोजते. आधी लाजत होती. आता तिचा आवाज रस्त्यापर्यंत जातो. "एक! दोन! अवो, कोपर!" कोपर बाहेर फाकतं ते तिला चार दिवसांत दिसायला लागलं, मला दीड महिन्यात नाही.

डावा-उजवा जोडीने मारायला शिकलो. डावा सरळ, मग मागच्या पायाची टाच फिरवून उजवा. ताकद हातातून येत नाही, जमिनीतून येते, टाचेतून कमरेत आणि मग खांद्यात. उजवा लागला तेव्हा साखळी वाजली. सु.ने मोजणं सोडून टाळी वाजवली.

रात्री डावा पाय वळून गोळा आला. तिने चोळला.

४ जानेवारी, रविवार

थैला हलता ठेवून सराव. अ. तो ढकलते, तो माझ्याकडे येतो, मी बाजूला व्हायचं आणि तो परत जाताना मारायचं. साधी गोष्ट. पण थैला अंगावर येताना दिसला की मला ट्रॉलीच दिसते. पहिल्या वेळी डोळे मिटले. थैला छातीवर आदळला, अ.ने धावत येऊन धरलं.

"डोळे उघडे ठेवा काका. लागला तं लागला. चिंध्या हायत, रुई हाय. तुमीच भरली."

दहा वेळा आला. चार वेळा बाजूला झालो. सहा वेळा लागला. एकदाही पडलो नाही. सु. मोजताना मधेच गप्प झाली होती. घरी येताना म्हणाली, मीच डोळे मिटत होती.

११ जानेवारी, रविवार

दहापैकी सहा. डोळे उघडे राहिले. भीती तेवढीच.

१४ जानेवारी, संक्रांत

पल्लवीचा पुण्याहून फोन. आईने तिला सांगितलं आहे हे तिच्या आवाजावरूनच कळलं. "बाबा, तुमी खरंच बॉक्सिंग करून राह्यले?" हसत होती आणि नाकही ओढत होती. तिळगूळ वाटताना वाटी हातात वाजत होती, म्हणून टेबलावर ठेवून दिला, ज्याने त्याने घ्या म्हटलं.

शेजारच्या देविदासने सगळ्यांसमोर ठोसा मारायची नक्कल केली. सगळे हसले. मी उभा राहून नीट करून दाखवला. हनुवटी खाली, हात जाऊन परत. देविदासने हात खाली घेतला. मग मलाच लाज वाटली.

२१ जानेवारी, बुधवार

वाईट दिवस. गोळीचा असर लवकर उतरला. हॉलमध्ये डावा हात उचलेचना. अ. म्हणाली, आज मारू नका, थैल्याला हात लावून उभे राहा. तसाच उभा राहिलो, कपाळ थैल्याला टेकवून. तेलाचा आणि घामाचा वास.

जिनिंगमध्ये एका नमुन्यावर माझं आणि हिंगणघाटवाल्याचं जुळलं नाही. धाग्याची लांबी मी एकोणतीस मिलिमीटर म्हटलं, तो अठ्ठावीस. यंत्रावर पाठवलं आहे. उद्या कळेल.

२२ जानेवारी

तो बरोबर होता.

२३ जानेवारी

आणखी दोन नमुने. त्यात मी बरोबर होतो. शेठजी काहीच बोलले नाहीत, दोन्ही वेळा.

१ फेब्रुवारी, रविवार

अ.ने काल सांगून ठेवलं होतं, उद्या एक बाई येणार आहेत, सेलूच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, तुमच्यासारखंच आहे. रात्रभर नको वाटत होतं. आपल्यासारखं माणूस मी अजून पाहिलेलं नव्हतं. वर्ध्याला दवाखान्यातसुद्धा मी मुद्दाम जमिनीकडे पाहत बसतो.

निर्मलाबाई नवऱ्याचा हात धरून आल्या. पावलं बोटभर लांबीची. चेहरा मातीच्या मूर्तीसारखा, एक रेषा हलत नाही. पापण्याही क्वचित. अ.ने ओळख करून दिली. नमस्कार केला, पण नजर त्यांच्या नवऱ्याकडेच ठेवली.

त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की वाकावं लागलं. "किती झालं तुम्हाला?"

"कळून तीन-साडेतीन महिने."

"मला नऊ वर्षं."

सु. माझ्या मागे उभी होती. तिने माझी बाही धरली.

अ. म्हणाली, "काका, तुमी थैला मागून धरा, हलू देऊ नका." धरला, छातीशी घट्ट. पलीकडे त्या, मला दिसत नव्हत्या. बरंच वाटलं मला, दिसत नव्हत्या ते. सु. मोजायला लागली. एक. काहीच नाही, हात पोचला नाही. दोन. तीन. नखाने खरवडल्यासारखं काहीतरी. चार. सु.चा आवाज फाटायला लागला तरी ती थांबली नाही. मी आतून ओरडत होतो, पोचवा हो, पोचवा. त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, ते माहीत नाही.

अकराला लागला. चिंध्यांतून, रुईतून थेट माझ्या फासळीत. चांगलाच लागला. एक पाऊल मागे गेलो.

वाकून पाहिलं. बाईंचा चेहरा तसाच. मूर्ती. मला वाटलं त्यांना कळलंसुद्धा नाही.

त्यांचा नवरा म्हणाला, "हसली ती. या आजारात चेहरा हलत नाही, तुम्हाला नाही दिसणार. मला दिसतं."

जेवताना सु. म्हणाली, "सोताच्या बायकोले इतकं वळखणारा माणूस पायला का तुमी कधी?" मी नाही म्हटलं.

मग तिने ताट बाजूला सारलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. खूप वेळ. एखादं अक्षर लागत नसलं की पाहतो तसं, जवळ येऊन. काय शोधून राह्यली, ते विचारायची हिंमत झाली नाही. मीही हललो नाही, तिला नीट पाहू दिलं.